बऱ्या दिवसांत लिहायची वही

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यवाहांच्या पत्रात माझ्या भाषणाचा विषय "विद्यार्थी आणि मनाचे आरोग्य" असा दिला होता. मी बत्तीस वर्षे गणित शिकवले. मी डॉक्टर नाही. तेव्हा या विषयावर बोलण्याचा याला अधिकार कोणता, असे आपल्या मनात आले तर ते रास्तच आहे. माझा अधिकार एवढाच की हा आजार माझ्या घरात आला, त्या वेळी घरातला वडीलधारा म्हणून मी बऱ्याच चुका केल्या, आणि पुढे एका शंभर पानी वहीने आमचे घर सावरले. त्या वहीविषयीच मी बोलणार आहे.

वही माझ्या पुतण्याची आहे. त्याच्या परवानगीने बोलतो आहे. त्याने दोन अटी घातल्या. त्याचे नाव घ्यायचे नाही, आणि दुसरी, "चाचा, तुमच्या चुकाही सांगायच्या." दोन्ही अटी मान्य करून इथे उभा आहे.

माझा धाकटा भाऊ आखातात नोकरीला. घरात त्याची बायको, आमची वृद्ध आई आणि हा मुलगा. आपल्यापैकी अनेक घरांची हीच रचना आहे: बाप फोनवर, आणि निर्णय घ्यायला चाचा किंवा मामू. मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला आणि तो डॉक्टर होणार हे मी ठरवून टाकले. त्याला विचारल्याचे मला आठवत नाही. २०१८ साली तो बारावीला होता. पावसाळ्यानंतर त्याने आधी क्रिकेट सोडले. मग तो रात्री जागू लागला आणि दिवसा झोपू लागला. आंघोळ दोन-दोन दिवस नाही. प्रश्नाला उत्तर म्हणून नुसते "हं." मी याला आळस हे नाव दिले. दिवसा दार लावून झोपतो म्हणून मी सुतार बोलावून त्याच्या खोलीची कडी काढून घेतली. सहामाहीला गणिताचा पेपर त्याने कोरा दिला. गणिताचा! मी तो अपमान माझा समजलो आणि घरी येऊन सगळ्यांच्या देखत त्याला बोललो.

मग नजर लागली असेल, बाहेरचे काही असेल, असे कोणी म्हणाले आणि आम्ही एका ठिकाणी फेऱ्या सुरू केल्या. तिथे बसणाऱ्यांची टिंगल मी करणार नाही. दुआने माझ्या भावजयीला धीर मिळाला, हे मी पाहिले आहे. पण सात महिने गेले, आणि या आजारात सात महिने फार असतात. आपल्याला तमिळनाडूतील एरवाडीची घटना आठवत असेल. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली आणि २८ मनोरुग्ण मरण पावले. ते साखळ्यांनी बांधलेले होते, म्हणून त्यांना पळता आले नाही. त्यांना तिथे आणणारे नातेवाईक दुष्ट नव्हते. ते आपल्यासारखेच थकलेले लोक होते. दुआ चालू ठेवावी आणि डॉक्टरकडेही जावे, एवढेच मी म्हणतो.

डॉक्टरांचीही गंमत सांगतो. पहिल्या डॉक्टरांनी पंधरा मिनिटे माझ्याशी बोलून चिठ्ठी लिहून दिली. मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसला होता; त्याला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, आणि त्यात काही चुकते आहे असे मलाही वाटले नाही. दुसऱ्या डॉक्टर एक बाई होत्या. त्यांनी प्रथम मलाच खोलीबाहेर बसवले. अर्ध्या तासाने आत बोलावून सांगितले की हे डिप्रेशन आहे, उपचाराने बरे होण्यासारखे आहे. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतील, तोवर धीर सोडू नका आणि गुण दिसल्यावर आपल्या मनाने गोळ्या बंदही करू नका. त्यांच्याकडच्या समुपदेशकाने वहीची कल्पना दिली.

ही कल्पना आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९९७ साली मनाच्या आजारातून गेलेल्या लोकांचे एक शिबिर भरले होते. ते चालवणाऱ्या मेरी एलन कोपलँड यांनी स्वतः असे दिवस काढले होते. शिबिरात बऱ्या होण्याच्या पुष्कळ युक्त्या सांगून झाल्या, तेव्हा एक अडचण पुढे आली: हे सर्व ठीक, पण रोजच्या जगण्यात याची मांडणी करायची कशी? त्यातून सर्वांनी मिळून एक आराखडा तयार केला. कड्यांची फाइल, तिचे भाग पाडलेले, आणि प्रत्येक भागात माणसाने स्वतःविषयी स्वतःच लिहायचे. रॅप या नावाने तो आराखडा पुढे अनेक देशांत गेला. ओहायो राज्यात पाचशेहून अधिक लोकांवर त्याची रीतसर पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी हा आराखडा शिकून घेतला त्यांचा त्रास इतरांपेक्षा अधिक कमी झाला आणि आशा वाढली, असे तीत दिसले. अर्थात ते सर्व प्रौढ होते, आणि हा आराखडा गोळ्यांना पर्याय म्हणून सांगितलेला नाही, हेही लक्षात ठेवावे. त्याच १९९७ साली आपल्या पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था सुरू केली. रुग्णांच्या नातेवाईकांनी एकत्र बसून एकमेकांना आधार द्यावा, हे तिचे एक मोठे काम. वाणी हे धुळ्याचे, संख्याशास्त्राचे प्राध्यापक. हा त्रास त्यांच्या घरातच होता. गणितवाल्याला गणितवाल्याविषयी आपुलकी वाटणारच, म्हणून हा उल्लेख.

पण मला सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. नवव्या-दहाव्या शतकात बल्ख प्रांतात अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांचे निधन इ. स. ९३४ मध्ये झाले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांचा एक ग्रंथ आहे. त्याच्या हस्तलिखित प्रती इस्तंबूलला आहेत. मनाच्या भागात त्यांनी राग, भीती, दुःख आणि मनातून न जाणारे विचार यांची वेगवेगळी चर्चा केली आहे. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण न सापडणारे दुःख यांत त्यांनी त्या काळी फरक केला. आणि त्यांचा एक सल्ला असा की जसा शहाणा माणूस अचानकच्या दुखण्यासाठी घरात औषधे ठेवतो, तसे मन ठीक असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे वेळ आली की ते हाताशी असतात. व्हरमाँटच्या फाइलीच्या हजारेक वर्षे आधीची ही गोष्ट. आपल्या मदरशांत आणि हायस्कुलांत इब्न सीनाचे नाव तरी मुलांना ठाऊक असते. या गृहस्थांचे नसते.

आता वही. तिची पाने मी क्रमाने सांगतो, कारण खरी माहिती तिथेच आहे.

पहिले पान: मी बरा असतो तेव्हा कसा असतो. मला हे पान निरर्थक वाटले होते. पण विचार करा, एखादा मुलगा मुळातच अबोल असेल तर त्याचे गप्प बसणे हा आजार नव्हे; आणि बडबड्या मुलगा गप्प झाला तर ती काळजीची गोष्ट. परक्या डॉक्टरला हा फरक कसा कळणार? पुतण्याने लिहिले होते: "मी फार बोलत नाही. क्रिकेटवर बोलतो. दादीची थट्टा करतो. कोंबड्यांना नावे ठेवतो." दादीची थट्टा बंद होऊन दोन महिने झाले होते, हे ते पान वाचल्यावर मला समजले.

दुसरे पान रोजचे. बरे राहण्यासाठी दररोज काय केलेच पाहिजे, एवढेच त्यावर. यादी लहान हवी. मोठी यादी केली की तिसऱ्या दिवशी ती मोडते. त्याची यादी पाच ओळींची होती. अकराच्या आत झोपणे. फजरनंतर पुन्हा न झोपता खाडीच्या पुलापर्यंत चालून येणे. काहीतरी खाऊनच गोळी घेणे. कोंबड्यांचे खुराडे साफ करणे. एका तरी माणसाशी पाच मिनिटे बोलणे. यात अभ्यास नाही, हे मी लगेच दाखवून दिले. समुपदेशक म्हणाले, "सर, पान त्याचे आहे."

पुढच्या पानावर आपल्याला काय झोंबते ते लिहायचे. निकालाचा दिवस. लग्नघरात "सध्या काय करतोस?" हा प्रश्न. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात चुलतभावांच्या गुणपत्रिका. अब्बांचा फोन आला की आधी अभ्यास आणि मग तब्येत. प्रत्येकासमोर तेव्हा काय करायचे तेही लिहिलेले. व्हॉट्सॲप गटासमोर "बाहेर पडणे" असे दोनच शब्द. तो बाहेर पडला तेव्हा आमच्या दोन नातेवाइकांना राग आला. आपण हे इथेच बोलून घेऊ: मुलांचे गुण नातेवाइकांच्या गटात टाकण्याची सवय आपण सोडली तर कोणाचे काय बिघडेल?

त्यानंतर सुरुवातीच्या खुणा. आजार मुक्कामाला येण्याआधी दार वाजवतो, फक्त प्रत्येकाच्या दारावर त्याची थाप वेगळी असते. याच्या खुणा: फोन चार्ज करायचे विसरणे, रात्री दोन वाजता भात खाणे, "हं" म्हणणे, खुराडे न झाडणे. शेवटच्या खुणेमुळे त्याच्या आईचे काम सोपे झाले. खुराडे तिला ओट्याच्या खिडकीतून दिसते.

आणि मग ते पान, ज्यावर मी स्वतः अडखळलो. फार बिघडले, मलाच माझे भान राहिले नाही, तर कोणी काय करावे. डॉक्टरांचे नाव, गोळ्यांची नावे, कोणत्या गोळीने त्रास झाला होता, मामेभावाचा नंबर, अम्मीने काय बोलावे आणि काय बोलू नये. खाली मथळा: "या वेळी माझ्या खोलीत कोणी येऊ नये." त्याखाली एकच नाव होते. माझे. "चाचा: वर येऊ नये. कोंबड्यांना दाणे घालावेत."

खोटे कशाला बोलू, मला फार लागले. ज्या मुलाच्या फीपासून चष्म्यापर्यंत मी पाहिले, त्याने मला खुराड्यावर नेमले! दोन दिवस मी त्यांच्या घरी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी माझी बायको म्हणाली, "कडी तुम्हीच काढलीत ना?" त्या दिवशी मी सुताराला बोलावून कडी परत बसवून घेतली. बसवताना मुलगा घरात होता. तो काही बोलला नाही, मीही नाही.

२०२० साली तो बारावी झाला आणि पुढे त्याच्या मर्जीने फार्मसीच्या पदविकेला गेला. २०२२ साली पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या सुमारास खुराडे चार दिवस झाडले गेले नाही. भावजयीने वही उघडली. तिने रडारड केली नाही, मला फोन केला नाही. मामेभावाला बोलावले, आणि दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. मागच्या खेपेस डॉक्टर गाठायला जवळजवळ वर्ष गेले होते, या खेपेस सहा दिवस. परीक्षेचे दोन विषय राहिले, ते पुढच्या सत्रात सुटले. मी पाच आठवडे सकाळ-संध्याकाळ कोंबड्यांना दाणे घातले. माडीच्या खिडकीतून तो कधीकधी खाली पाहत असे. आज तो एका औषधांच्या दुकानात नोकरीला आहे, गोळी घेतो, आणि वहीतील माझे नाव अजून तिथेच आहे. मी ते खोडायला सांगितलेले नाही.

वहीचे शेवटचे पान बरे होऊ लागल्यावरचे, आणि ते बहुतेक घरांत राहूनच जाते. पहिल्या आठवड्यात कॉलेज अर्धाच दिवस. टिपणे कोणाकडून घ्यायची. शेजाऱ्यांनी विचारले तर एका वाक्यात काय सांगायचे. ताप उतरलेल्या माणसाला आपण लगेच विहिरीवर पाठवत नाही, पण या मुलांना मात्र "आता बरा झालास ना?" म्हणून दुसऱ्याच दिवशी पुस्तकापुढे बसवतो.

काही गोष्टी घाईने, पण महत्त्वाच्या म्हणून सांगतो.

मूल मरणाची भाषा बोलले, किंवा तसा संशय आला, तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ती कल्पना त्याच्या डोक्यात शिरते हा आपला गैरसमज आहे, विचारल्याने त्याला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे ठेवू नका. आंब्यावर फवारायचे औषध, उंदरांचे औषध, दादीच्या गोळ्या कुलपात घाला आणि किल्ली कमरेला ठेवा. ती वेळ अनेकदा थोड्या वेळाची असते. त्या वेळी हाताशी विष नसणे यानेच जीव वाचतो. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. पोलिसांच्या भीतीने गोष्ट दडवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याला शिक्षा होत नाही. त्याच कायद्याने माणसाला साखळीने बांधण्यास मनाई केली. प्रौढ व्यक्तीला, आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्कही त्याने दिला आहे. अज्ञान मुलासाठी तो पालकाकडे असतो. म्हणजे वहीतील त्या पानाला रीतसर नमुन्यात कायद्याचाही आधार मिळू शकतो.

रमझानविषयी. ज्याच्या गोळ्या चालू आहेत त्याने महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून वेळा बदलून घ्याव्यात. लिथियम घेणाऱ्याने तर विचारल्याशिवाय रोजा धरूच नये, कारण शरीरातले पाणी कमी झाले की ते औषध अंगावर उलटू शकते. आणि ज्यांना उन्मादाचे झटके येतात त्यांची झोप मोडणे धोक्याचे असते. सहरीचा बेत त्यांच्यासाठी वेगळा करावा. आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, हे आपण मधुमेहाच्या बाबतीत मानतो, मग इथे का मानत नाही?

मुलींविषयी मला जास्त बोलायचे आहे. मुलाची वही कोणी उघडत नाही. मुलीची वही आई, आपा, चाची, सगळ्या वाचतात. मग ती खरे कशाला लिहील? मुलीला कुलपाचा एक खण द्या. कोणते पान कोणी वाचायचे ते तिने ठरवावे, आणि बाकीची वही उघडू नये, बापानेही नाही. दुसरे म्हणजे, "लग्न करून टाका, आपोआप बरी होईल" हे वाक्य. माझ्या शिक्षकी काळात या सल्ल्याने शाळेतून गेलेल्या दोन मुली मला माहीत आहेत. एक वर्षभरात माहेरी परत आली, लहान मूल घेऊन, आणि आजार पहिल्याहून वाढलेला. सासरच्यांपासून गोळ्या लपवून ठेवायच्या, हेच तिला निघताना सांगितले होते. तिच्या वडिलांना मी तेव्हा काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडेच. ही वही आजारी मुलांसाठीच असते असे नाही. आज तुम्ही ठीक आहात, म्हणूनच लिहिण्याला आज सोपा दिवस आहे. मन खचलेले असताना आपल्याला काय आवडत होते हेसुद्धा आठवत नाही, हे मी पुतण्याच्या तोंडून ऐकले आहे. एका दिवसात सगळे लिहू नका. आधी पहिले पान, मग आठवडाभर काही नाही. ज्या मोठ्या माणसावर विश्वास असेल त्याला एक पान दाखवा. तो चाचाच असला पाहिजे असे नाही.

वह्या संस्थेने आणल्या आहेत आणि दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्यांत छापलेले काही नाही, पाने कोरी आहेत. कोणी किती घेतल्या याची नोंद होणार नाही, नाव लिहायचे नाही. पालकांनी मुलांची वही भरून देऊ नये. हवी तर स्वतःसाठी वेगळी घ्यावी. टेबलापाशी मी संध्याकाळपर्यंत बसलेला आहे.